सोर्सपासून इन्स्टॉलपर्यंत : प्रस्तावना

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. घरांचे, दुकानांचे पंचनामे झाले, भरपाईचे आकडे ठरले. जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं चिखलात गेली, त्यांची भरपाई मात्र कोणत्याच आकड्यात बसणारी नव्हती. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवायला हवीत, हे त्या पुरानंतर कुणाला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, उतारा उचलता येत नाही, डोळ्यांनी अधू असलेल्या वाचकाला ते पान ऐकवता येत नाही. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा युनिकोड मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर लागतं. त्याला ओसीआर म्हणतात. स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालणारं, विनामूल्य, आणि मराठी वाचणारं ओसीआर शोधायला निघालं की पहिलं नाव येतं टेसरॅक्टचं.

टेसरॅक्टचं काम ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1985 साली सुरू झालं आणि 1994 च्या सुमारास थांबलं. 2005 मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला. पुढच्या वर्षापासून बरीच वर्षं गूगलने ते सांभाळलं. 2018 च्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने अख्खी ओळ वाचू लागलं, आणि जोडाक्षरांनी भरलेल्या आपल्या लिपीला त्याचा मोठा लाभ झाला. नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस पाचवी आवृत्ती आली. एप्रिल 2022 मध्ये उबुंटूची 22.04 ही आवृत्ती निघाली, तिच्या भांडारात मात्र टेसरॅक्ट 4.1.1 हेच होतं. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या (एलटीएस) आवृत्त्यांत टेसरॅक्टची पाचवी आवृत्ती पोहोचायला 24.04 उजाडावं लागलं. मधल्या दोन वर्षांत 22.04 वर ज्याला नवं टेसरॅक्ट हवं होतं, त्याच्यापुढे दोन मार्ग होते. दुसऱ्या कुणी बांधून ठेवलेलं पॅकेज विश्वासाने घ्यायचं, नाहीतर सोर्स कोड उतरवून तो आपल्याच संगणकावर कंपाइल करायचा.

हे पुस्तक दुसऱ्या मार्गाबद्दल आहे. ज्याने लिनक्स नुकतंच वापरायला घेतलं आहे आणि टर्मिनल उघडलं की ज्याच्या मनात थोडी धाकधूक होते, अशा वाचकासाठी ते लिहिलं आहे. लिहिताना डोळ्यांसमोर साताऱ्याचे, कराडचे, इस्लामपूरचे, सांगली-मिरजेचे विद्यार्थी होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. रोजच्या वापरासाठी लागणारं सॉफ्टवेअर पॅकेज मॅनेजरकडूनच घ्यावं. डेबियन-उबुंटूवर ॲप्ट, फेडोरावर डीएनएफ. त्या भांडारांमागे माणसं आहेत. ती प्रत्येक पॅकेज तपासतात, एकमेकांशी जुळवतात, सुरक्षेचे दोष निघाले की दुरुस्त्या पोहोचवतात. आपण स्वतः कंपाइल करून टाकलेल्या सॉफ्टवेअरला अशी दुरुस्ती आपोआप येत नाही, तिची जबाबदारी आपल्यावर पडते. कंपाइल केलं की प्रोग्राम खूप वेगाने चालतो, ही समजूतही सर्वसाधारण वापरात फारशी खरी ठरत नाही. त्यामुळे ब्राउझर किंवा ऑफिस कंपाइल करण्यात नवशिक्याने दिवस घालवू नयेत.

मग कंपाइल करायचं कधी? भांडारातली आवृत्ती जुनी असते आणि आपलं काम नव्या आवृत्तीवाचून अडतं तेव्हा. हवी ती सोय पॅकेज बांधणाऱ्याने बंद ठेवलेली असते तेव्हा. एखादा प्रोग्राम कोणत्याच भांडारात नसतो तेव्हा. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, प्रोग्राममध्ये चूक आहे, ती आपल्याला दिसते आहे आणि दुरुस्त करायची आहे तेव्हा. सोर्स कोड खुला असून भागत नाही. त्यात एक ओळ बदलून पुन्हा चालता प्रोग्राम तयार करता आला, तरच त्या खुलेपणाचा आपल्याला उपयोग. ज्याला बांधता येतं त्यालाच दुरुस्त करता येतं, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हा विषय अवघड का वाटतो, याचं कारण त्यांच्या बुद्धीत शोधू नये. ते त्यांच्या शिकण्याच्या वाटेत आहे. 2001 नंतर एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक नेला. ते काम मोठंच होतं, पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस असं समीकरण घट्ट झालं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात सी भाषा आली, ती कितीतरी ठिकाणी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. कंट्रोल आणि एफ-9 दाबलं की प्रोग्राम चालायचा. मध्ये कंपायलरने काय केलं, लिंकरने काय केलं, हेडर फाइल कुठून उचलली, लायब्ररी कुठे होती, यातलं काहीच डोळ्यांना दिसायचं नाही. वर्षभर सी शिकलेला मुलगा लिनक्सवर ‘हेडर फाइल सापडत नाही’ एवढी ओळ वाचून थबकतो, ती फाइल संगणकावर कुठे असते हे त्याला कधी शोधावंच लागलेलं नसतं.

तरीही या भागात लिनक्स रुजलं, आणि ते बहुतांशी विद्यार्थ्यांनीच रुजवलं. सांगलीच्या विश्रामबागेत 1947 पासून उभ्या असलेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गट आहे. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गातल्यांना शिकवायचं, ही त्याची रीत. लिनक्स, नेटवर्किंग, गिट, वेब अशा विषयांच्या कार्यशाळा हा गट घेत आला आहे. अभ्यासक्रमाच्या बाहेर, गुणांचा संबंध नसताना, एका पिढीने पुढच्या पिढीला टर्मिनल दाखवायचं, ही परंपरा मला फार मोलाची वाटते. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात उपलब्ध करून दिले, त्याचाही कॉलेजांना आधार झाला. मात्र सोर्सवरून कंपाइल करण्याचा विषय मराठीत सलग, सविस्तर मांडलेला असावा, ही गरज उरलीच होती.

त्याही आधीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना सीडी आठवतील. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली, 2003 पासून ‘लिनक्स फॉर यू’ मासिक आलं. फोनच्या वायरीवरून चालणाऱ्या इंटरनेटवर मोठं काही उतरवणं शक्यच नसायचं, म्हणून एका अंकाची सीडी हातोहात फिरायची. त्या काळात सोर्सवरून कंपाइल करणं हा हौसेचा विषय नव्हता. पॅकेज उतरवायचं तर त्याला दुसरं लागायचं, दुसऱ्याला तिसरं, आणि शेवटी हाती असलेल्या सीडीवरचा सोर्सच कामाला यायचा.

त्यात 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाची. कंपाइल सुरू असताना दिवे जायचे. मेक या साधनाची खरी किंमत तेव्हा कळायची. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली ते लिहिलं. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक सोर्स फाइल आणि तिच्यापासून बनलेली ऑब्जेक्ट फाइल, या दोघींच्या वेळा मेक तपासतं. ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी असेल तर तिला हात लावत नाही, जुनी असेल किंवा नसेलच तर पुन्हा बनवतं. म्हणून वीज आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली की काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. एक धोका मात्र राहतो. ज्या क्षणी वीज गेली त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती, ती अर्धवट राहूनही वेळेच्या हिशेबाने ‘नवी’ ठरू शकते. मेक तिला सोडून पुढे जातं आणि शेवटी लिंकिंगच्या वेळी विचित्र एरर येते. तेव्हा मेक क्लीन करून सगळं पुन्हा बांधायचं. भारनियमन आता तसं राहिलं नाही, पण ज्याला हे तत्त्व कळलं त्याला मेकफाइल, म्हणजे मेकला दिलेल्या सूचनांची फाइल, वाचताना भीती वाटत नाही. म्हणून या पुस्तकात मेकवर सर्वांत मोठं प्रकरण आहे.

आता मूळ क्रियेकडे वळू. सोर्सवरून इन्स्टॉल करण्याच्या तीन कमांड प्रसिद्ध आहेत : कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. बहुतेक ठिकाणी त्या एकाखाली एक दिलेल्या असतात आणि विद्यार्थी त्या तशाच टाइप करतो. पहिल्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं तर तो काहीच शिकत नाही. अडलं तर त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. म्हणून प्रत्येक कमांड कशासाठी जन्माला आली हे कळायला हवं.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली ती 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे युनिक्सचे अनेक प्रकार झाले आणि प्रत्येकाच्या लहानसहान गोष्टी वेगळ्या निघाल्या. एका यंत्रावर असलेलं फंक्शन दुसऱ्यावर नसायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक यंत्रासाठी वेगळी मेकफाइल कुठवर लिहायची? 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ तयार केलं. त्यातून निर्माण होणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट आधी यंत्राची चौकशी करते. कंपायलर आहे का, तो चालतो का, अमुक हेडर सापडते का, तमुक लायब्ररीत हवं ते फंक्शन आहे का? पडद्यावर भराभर सरकणाऱ्या ‘चेकिंग’च्या ओळी म्हणजे हीच चौकशी. तिच्या उत्तरांवरून त्या यंत्राला साजेशी मेकफाइल तयार होते. पुढे मेक त्या फाइलप्रमाणे कंपायलरला एकेक सोर्स फाइल देतं, तयार झालेले तुकडे लिंकरकडून जोडून घेतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1987 मध्ये जीसीसी हा कंपायलर लोकांच्या हाती दिला. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने आपलं कर्नल बांधलं तेही जीसीसीनेच. आज त्या कर्नलच्या सोर्समध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, आणि तेही घरच्या लॅपटॉपवर बांधता येतं. अलीकडचे प्रकल्प सीमेक किंवा मेसन वापरतात. तिथे कमांड बदलतात, पण आधी चौकशी, मग बांधणी, मग जागेवर ठेवणं हा क्रम तोच राहतो.

नवशिक्या हमखास अडतो ती जागा मी इथेच सांगून ठेवतो. टेसरॅक्ट बांधायला घेतलं की कॉन्फिगर मध्येच थांबतं आणि लेप्टोनिका हवी असं म्हणतं. लेप्टोनिका ही प्रतिमांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी. विद्यार्थी शोधतो, तर लेप्टोनिका संगणकावर आधीपासून आहे! मग कॉन्फिगर चुकतंय का? ते बरोबरच आहे. डेबियन आणि उबुंटूवर एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. एकात चालणाऱ्या प्रोग्रामला लागणारी लायब्ररी असते. दुसऱ्यात, ज्याच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ जोडलेलं असतं त्यात, कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइली असतात. फेडोरावर त्याला ‘डेव्हल’ म्हणतात. नुसता प्रोग्राम चालवणाऱ्याला दुसरं पॅकेज कधीच लागत नाही, म्हणून ते मुळात बसवलेलं नसतं. एवढी एक गोष्ट नीट समजली की नवशिक्याच्या निम्म्याहून अधिक अडचणी संपतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट एरर वाचण्याची. मेक थांबतं तेव्हा शेवटच्या ओळीत फक्त ‘एरर 2’ असं काहीतरी असतं, आणि नेमकी तीच ओळ मुलं इंटरनेटवर शोधत बसतात. त्या ओळीत माहिती काहीच नसते. वर सरकत जायचं आणि ‘एरर’ शब्द पहिल्यांदा जिथे आला ती ओळ वाचायची. खालच्या बहुतेक सगळ्या ओळी तिच्यामुळेच आलेल्या असतात. कॉन्फिगर अडलं तर त्याने मागे ठेवलेली कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडायची. तिच्यात प्रत्येक चाचणी, तिच्यासाठी चालवलेली कमांड आणि कंपायलरचं उत्तर जसंच्या तसं नोंदलेलं असतं. जुन्या लॅबमधल्या दोन जीबी मेमरीच्या संगणकावर मेकला एकाच वेळी आठ कामं दिली, तर कंपायलर अर्ध्यात मरतो आणि ‘किल्ड’ एवढंच छापून जातो. तेव्हा कोडमध्ये दोष शोधू नये, एकेक काम द्यावं. आणि सगळं बांधून, बसवून झाल्यावर टेसरॅक्ट चालवलं, तर ते स्वतःचीच लायब्ररी सापडत नाही असं म्हणू शकतं. नवी लायब्ररी आल्याची नोंद सिस्टिमने घेतलेली नसते. एलडीकॉन्फिग ही कमांड ती नोंद करते. त्यानंतरही मराठी वाचायला ‘मार’ नावाची मराठीची डेटा फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते, कारण सोर्सबरोबर ती येत नाही. या प्रत्येक थांब्यावर पुस्तक मुद्दाम थांबतं. एरर न येणारी उदाहरणं निवडणं सोपं होतं, पण त्याने वाचकाची फसवणूक झाली असती.

मेक इन्स्टॉलबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जिथे-तिथे या कमांडच्या आधी सुडो लावायला सांगतात. सुडो लावणं म्हणजे अनोळखी मेकफाइलला संपूर्ण यंत्राची मालकी देणं. शिवाय पॅकेज मॅनेजरला या फाइलींची काहीच खबर नसते. काढून टाकायची वेळ आली आणि सोर्सचं फोल्डर आधीच पुसलेलं असलं, तर कोणत्या फाइली कुठे पडल्या हे हाताने शोधत बसावं लागतं. कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ हा पर्याय देऊन सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये बसवता येतं. त्याला सुडो लागत नाही, बिघडलं तर ते एक फोल्डर पुसलं की संपलं. कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसतो, त्यामुळे त्याला हाच मार्ग खुला असतो. म्हणून पुस्तकाचा पूर्वार्ध सुडोशिवाय लिहिला आहे. पॅकेज मॅनेजरच्या फाइलींत आपल्या फाइली मिसळू नयेत यासाठी यूएसआर फोल्डरमधलं लोकल हे वेगळं ठिकाण ठरवून दिलेलं आहे. त्याची ओळख उत्तरार्धात होते.

कॉन्फिगरचे पर्याय हा स्वतंत्र आनंदाचा विषय आहे. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात, तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तयार तानपुरा कुणालाही वाजवता येतो, पण गवयाची पट्टी ऐकून कारागीर घोडीची जवारी काढतो तेव्हा तो तानपुरा त्या गळ्याचा होतो. तयार पॅकेज सगळ्यांसाठी बांधलेलं असतं, त्यात कुणाला तरी लागतील अशा सगळ्या सोयी असतात. आपण बांधतो तेव्हा काय ठेवायचं, काय गाळायचं, हे आपल्या गरजेवर ठरतं. त्यासाठी कॉन्फिगरला ‘हेल्प’ विचारायचं आणि आलेली यादी निवांत वाचायची. विद्यार्थी ही यादी वाचत नाहीत याची मला खंत वाटते, प्रोग्राम काय काय करू शकतो हे तिथेच कळतं.

विश्वासाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. सोर्स उघडा आहे म्हणजे तो सुरक्षित आहे, असं नवशिक्याला वाटतं. 2024 च्या मार्चमध्ये या समजुतीला मोठा धक्का बसला. एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारं साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. प्रकल्पात दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहभागी खात्यामार्फत तो घुसवला गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागताना दिसला, त्याने त्याचा माग काढला आणि 29 मार्चला तो उघड केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली कळीची बाब अशी की, तो चोरदरवाजा जागा करणारी ओळ प्रकल्पाच्या उघड्या गिट भांडारात नव्हतीच. लोकांनी उतरवायच्या टार फाइलमध्ये, कॉन्फिगरच्या तयारीत वापरल्या जाणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये ती लपवली होती. ज्या स्क्रिप्टकडे कुणी कधी पाहत नाही, नेमकी तीच जागा निवडली गेली. चेकसम आणि सही तपासून फाइल वाटेत बदललेली नाही एवढं कळतं, आणि ते तपासायलाच हवं. पण सही करणाराच दगा देत असेल तर तिथे माणसाची नजरच लागते. अशा नजरा जितक्या जास्त गावांतून तयार होतील तितकं बरं. ही स्क्रिप्ट काय करते, असा प्रश्न पडण्याची सवय लागावी म्हणून एक प्रकरण फक्त वाचण्याचं आहे. त्यात काहीही कंपाइल करायचं नाही.

आता मराठीविषयी. आपल्या भाषेच्या काही गरजा अशा आहेत की त्या बाहेरच्या प्रोग्रामरला दिसणारच नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपल्याला क्षणात कळतो. एकात रफार आहे, दुसऱ्यात डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. हिंदीत त्याची गरज पडत नाही. फॉन्ट बनवणाऱ्याने, मजकूर पडद्यावर रचणाऱ्या लायब्ररीने आणि ओसीआरने, तिघांनीही तो बरोबर हाताळला तर मराठी पान बरोबर दिसतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आलं. तोपर्यंत ते जोडतोड करून लिहावं लागे, आणि जुन्या फाइलींत ते तसंच सापडतं. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, फॉन्टमध्ये त्यांची वेगळी सोय करावी लागते. या चुका मराठी वाचणाऱ्यालाच खटकतात. त्या दुरुस्त करायला जाणारा माणूसही मराठी वाचणाराच असणार.

लोहित हा देवनागरी फॉन्ट याचं उत्तम उदाहरण आहे. रेड हॅटने 2004 मध्ये तो मुक्त परवान्याखाली दिला आणि पुण्यात बसलेल्या अभियंत्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. फॉन्टलाही सोर्स असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लोहितच्या सोर्समध्ये अक्षरांच्या रेषा आणि जोडाक्षरांचे नियम वेगवेगळे ठेवलेले आहेत. फॉन्टफोर्ज बसवून मेक ही कमांड दिली की त्यातून वापरायचा फॉन्ट तयार होतो. एका जोडाक्षराचा नियम बदलायचा, पुन्हा मेक करायचं, आणि आपलं अक्षर पडद्यावर बदललेलं पाहायचं. सी भाषेची एक ओळही न येणारा मराठीचा विद्यार्थी हे करू शकतो. मराठी विभागातल्या मुलांनीही हे पुस्तक हाती घ्यावं अशी माझी इच्छा आहे, लोहितचं प्रकरण त्यांना समजेल अशा बेताने लिहिलं आहे.

असं काम पुण्या-मुंबईतच होऊ शकतं, असं मानणाऱ्यांनी वाईकडे पाहावं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम सातारा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी उभं राहिलं, पहिला खंड 1976 साली निघाला. तेव्हा तिथे इंटरनेट नव्हतं. आज साताऱ्यात, कराडात, सांगलीत इंटरनेट आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आणि जुन्या मराठी पुस्तकांनी भरलेली वाचनालयं आहेत. टेसरॅक्टला आपल्या जुन्या खिळ्यांच्या छपाईचे नमुने देऊन आणखी शिकवता येतं. त्याची साधनं त्याच्याच सोर्समध्ये असतात, ‘मेक ट्रेनिंग’ या वेगळ्या कमांडने ती बांधावी लागतात. एखाद्या वाचनालयाने पुस्तकं आणि एखाद्या कॉलेजने विद्यार्थी दिले, तर हे काम याच दोन जिल्ह्यांत उभं राहू शकतं. शेवटचं प्रकरण त्या बांधणीचंच आहे.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडंसं. प्रकरणं क्रमाने करावीत. पहिलं प्रकरण ग्नू हॅलोचं आहे. हा प्रोग्राम फक्त नमस्कार छापतो, पण सोर्सची रचना, कॉन्फिगर, मेकफाइल, भाषांतरं, पुस्तिका, सगळं मोठ्या प्रकल्पासारखं त्यात आहे. शिकण्यासाठीच तो ठेवलेला आहे. प्रत्येक वेळी कमांड देण्याआधी रीडमी आणि इन्स्टॉल या फाइली वाचाव्यात. आलेली प्रत्येक एरर आणि तिचा उपाय एका वहीत लिहावा, कारण तीच एरर पुन्हा येते. दोघांनी मिळून एका यंत्रावर बसलात तर अधिक चांगलं. एकाच्या नजरेतून सुटलेली ओळ दुसऱ्याला दिसते.

शिक्षकांना एक विनंती आहे. लॅबच्या परीक्षेत चालणाऱ्या प्रोग्रामला गुण देता तसे, न चालणाऱ्या बांधणीचं कारण बरोबर शोधणाऱ्यालाही द्या. आणि विद्यार्थ्यांनो, मराठी मजकुरात एखाद्या प्रोग्रामची चूक सापडली तर ती मूळ प्रकल्पाला कळवा. साध्या इंग्रजीत, आवृत्तीचा आकडा, पडद्याचा फोटो आणि नेमकं काय हवं होतं एवढं लिहिलंत तरी पुरतं. दुरुस्ती स्वतः करून पाठवता आली तर फारच उत्तम.

पहिल्या प्रकरणासाठी उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शिअल’ हे एकच पॅकेज लागेल. कंपायलर आणि मेक दोन्ही त्यात येतात. ते आजच बसवून घ्या आणि टर्मिनल उघडं ठेवून पान उलटा.